‘नाव काढले’ की ‘नाव काढली’? शब्दखेळाच्या चित्रपुस्तकाचा एका वर्गातील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मराठी माध्यमाच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या बाईंची मूळ तक्रार मुलांना शब्द येत नाहीत अशी नव्हती. ‘एकाच शब्दाचे दोन अर्थ लिहा’ या स्वाध्यायात त्यांची मुले ‘कर म्हणजे हात, कर म्हणजे सारा’ असे न अडखळता लिहीत आणि पूर्ण गुणही मिळवत. मात्र ‘काका कर भरतात’ या वाक्याचे चित्र काढा असे सांगितल्यावर एका मुलाने बादलीत बुडवलेला हात काढला, आणि त्यात विनोद करण्याचा त्याचा अजिबात हेतू नव्हता. दोन अर्थ त्याला पाठ होते. त्यांपैकी कोणता अर्थ कोणत्या वाक्यात लागू पडतो हे ठरवण्याची गरज मात्र त्याला कधी पडलेली नव्हती. कवितेत ‘जीवन’ हा शब्द पाण्याच्या अर्थाने आला की हीच मुले अडून बसत, कारण यादीतला दुसरा अर्थ यादीबाहेर भेटला की तो त्यांना ओळखू येत नसे.

मुलांनी परिचित अर्थ धरून ठेवणे ही काही केवळ या वर्गाची खोड नव्हे. संशोधक मिशेल माझोको यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते, की गोष्टीचा संदर्भ स्पष्टपणे दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखवत असतानाही लहान मुले अनेकदा शब्दाचा ओळखीचा अर्थच लावतात. याच्या पुष्कळ आधी, १९७३ मध्ये, शुल्ट्झ आणि पिलॉन यांनी मुलांना भाषेतली संदिग्धता कोणत्या क्रमाने उमगते हे तपासले होते. उच्चारातून निर्माण होणारी संदिग्धता मुलांना आधी ओळखता येते, शब्दाच्या अनेकार्थतेतून येणारी हळूहळू, आणि वाक्याच्या रचनेतून येणारी साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास, असा त्यांचा निष्कर्ष होता. आठ-नऊ वर्षांच्या मुलांकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे ठरवताना बाईंना हा क्रम उपयोगी पडला.

गमतीच्या चित्रपुस्तकांनी ही कोंडी फुटेल का, हा या प्रकरणातला प्रश्न होता. माझे काम निरीक्षणाचे होते. वाक्ये निवडण्यात आणि त्यांच्यावर वाद घालण्यात मात्र मी बाईंच्या बरोबरीने सहभागी होते.

आधी वापरलेले पुस्तक

शाळेच्या वाचनपेटीत अशा प्रकारचे एक पुस्तक आधीच होते. डाव्या पानावर एक शब्द व त्याचे चित्र, उजव्या पानावर तसाच ऐकू येणारा दुसरा शब्द व त्याचे चित्र, अशी त्याची मांडणी होती. दिन–दीन, सुत–सूत, शिर–शीर, पाणि–पाणी अशा जोड्या त्यात होत्या. चित्रे देखणी होती, कागद चांगला होता, आणि तरीही मुलांनी ते एकदा चाळून बाजूला ठेवले. कोणी हसले नाही, कोणी काही विचारलेही नाही.

हे पुस्तक इंग्रजी पुस्तकांच्या साच्यावर बेतले होते, आणि अडचण तिथेच होती. इंग्रजीत लेखन आणि उच्चार यांची जागोजागी फारकत झालेली असल्यामुळे ऐकायला एक पण लिहायला वेगळे असे शब्द पैशाला पासरी मिळतात, आणि त्यांच्यावर पुस्तकेच्या पुस्तके उभी राहू शकतात. मराठी बव्हंशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. उच्चार तोच आणि लेखन निराळे अशी मराठीतली उदाहरणे शोधू गेल्यास हाती लागतात ती मुख्यत्वे ऱ्हस्व-दीर्घाच्या भेदावर उभी असलेली, आणि त्यांतला निदान एक शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असतो. ‘सुत’ म्हणजे मुलगा हे तिसरीतल्या मुलाच्या कानावर कधी पडलेलेच नसते. विनोद साधायचा तर दोन्ही अर्थ ऐकणाऱ्याच्या पदरी आधीपासून हवेत. एक अर्थ तिथल्या तिथे समजावून सांगावा लागला की तो विनोद राहत नाही, शब्दार्थाचा तास होतो.

शिवाय या जोड्या वाक्यात टिकतही नाहीत. ‘सूत’ला प्रत्यय लागला की ‘सुताला’ होते आणि ‘सुत’चेही ‘सुताला’च होते, म्हणजे पुस्तकाने मोठ्या अक्षरांत दाखवलेला फरक पहिल्याच प्रत्ययाबरोबर विरून जातो. ‘पाणि’ची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. आजच्या लेखननियमांप्रमाणे तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, इकारान्त शब्द मराठीत स्वतंत्रपणे आले की दीर्घान्त लिहायचे असतात, त्यामुळे हाताच्या अर्थाचा सुटा ‘पाणि’ मराठीत लिहायचा झाल्यास ‘पाणी’ असाच लिहावा लागेल, आणि ऱ्हस्व ‘णि’ फक्त ‘पाणिग्रहण’सारख्या समासात उरेल. मुलांना शुद्धलेखन शिकवू पाहणारी जोडी शुद्धलेखनाच्या नियमातच बसत नव्हती.

काही जोड्या तर लेखननियमांनीच मिटवून टाकल्या आहेत. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले नियम येण्यापूर्वी ओळख सांगणारे ‘नांव’ अनुस्वारासह लिहिले जाई आणि पाण्यातली ‘नाव’ अनुस्वाराविना. अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि कागदावर वेगळे दिसणारे हे दोन शब्द अक्षरशः एक झाले. शब्दखेळ करणाऱ्याला हे नुकसान वाटण्याचे कारण नाही. मराठीतला खेळ स्पेलिंगमध्ये नाही, तो एकाच अक्षरांत राहणाऱ्या दोन अर्थांत आहे, आणि त्या अर्थांना वेगळे करण्याची सोय भाषेने दुसरीकडे करून ठेवली आहे. ती कुठे, हे वर्गातल्या एका मुलीने दाखवून दिले.

नव्या पुस्तकाची बांधणी

बाईंनी ठरवले की पुस्तक वर्गातच करायचे. मांडणी साधी होती. पानावर फक्त चित्र आणि तेही चुकीच्या, हास्यास्पद अर्थाचे. वाक्य बाईंनी मोठ्याने म्हणायचे. पानाच्या कडेला चिकटवलेली कागदाची झडप उघडली की तिच्याखाली अपेक्षित अर्थाचे चित्र आणि लिहिलेले वाक्य. आधीच्या पुस्तकात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी मांडलेले असल्यामुळे मुलांना शोधण्यासारखे काही उरलेच नव्हते. इथे झडप उघडण्याआधी खरा अर्थ कोणता असेल हे त्यांना स्वतः ठरवावे लागणार होते.

पहिले पान ‘नाव काढणे’ या वाक्प्रचाराचे होते. चित्रात एक मुलगा दोरीने होडी ओढून काठावर आणत होता आणि बाई म्हणाल्या, ‘मुलाने नाव काढले.’ काही मुले हसली. खिडकीजवळची एक मुलगी मात्र चित्राकडे पाहतच राहिली आणि म्हणाली, ‘बाई, चित्रात होडी आहे ना? मग “नाव काढली” असं पाहिजे.’ तिच्या शेजारच्या मुलाने लगेच पुस्ती जोडली, ‘काढलं म्हटलं तर ते शाबासकीचं.’

हा आक्षेप अचूक होता. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात मराठी क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ओळखीचे ‘नाव’ नपुंसकलिंगी आणि पाण्यातली ‘नाव’ स्त्रीलिंगी असल्यामुळे क्रियापद उच्चारताक्षणी कोड्याचे उत्तर फुटते. ‘काढले’ म्हटले की होडी बुडाली, ‘काढली’ म्हटले की कौतुक गेले. बाईंनी झडप बंद केली, वाक्य फळ्यावर लिहिले आणि मुलांनाच विचारले, की दोन्ही चित्रांना चालेल असे वाक्य कसे करायचे. बराच गोंगाट झाल्यावर एकाने ‘नाव काढतो’ असे सुचवले. वर्तमानकाळात क्रियापद कर्त्याच्या, म्हणजे मुलाच्या, मागे जाते आणि नावेचे लिंग उघडे पडत नाही. ‘हा मुलगा नाव काढतो’ हे वाक्य पानावर गेले. नंतर एकीने ‘नाव काढील’ हेही चालते असे सिद्ध केले, आणि मला तेच जास्त आवडले, कारण मोठी माणसे मुलांबद्दल तसेच बोलतात.

माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचे मर्म या एका तासात होते. पाठ्यक्रमात लिंग, सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचे बदलणारे रूप) आणि क्रियापदाची जुळणी हे वेगवेगळे घटक म्हणून येतात आणि मुले ‘तो-ती-ते’ लावून ते सोडवतात. इथे विनोद वाचवण्यासाठी मुलांना हीच सगळी हत्यारे एकदम हाती घ्यावी लागली.

वाक्ये टिकतात कशी, मोडतात कशी

पुढच्या तासांत वर्गाने शब्दांची एक प्रकारची चाचणीच सुरू केली. ज्या शब्दाच्या दोन्ही अर्थांचे लिंग एकच, तो शब्द निर्धास्तपणे वापरता येतो असे लक्षात आले. ‘पान’ झाडाचे असो वा वहीचे, ते ‘ते पान’च असते, म्हणून ‘वाऱ्याने पान उलटले’ हे भूतकाळातले वाक्यही दोन्ही चित्रांना पुरले. ‘अंक’ संख्येचा, नाटकाचा किंवा मासिकाचा असला तरी पुल्लिंगीच, म्हणून ‘मला दुसरा अंक आवडला’ हे वाक्य चालले. चित्रात एक मुलगी दोन या आकड्याला मिठी मारून बसली होती. सर्वांत यशस्वी ठरला ‘कळ’. दिव्याची कळ आणि भांडणाची कळ दोन्ही स्त्रीलिंगी, आणि ‘कळलाव्या’ हा शब्द तर वर्गात रोजच्या वापरातला. ‘तो सगळ्यांमध्ये कळ लावतो’ या वाक्याला एका मुलाने प्रत्येक वर्गमित्राच्या कपाळावर विजेचे बटण बसवणारा कारागीर काढला. ‘त्याने सगळ्यांमध्ये कळ लावली’ असे भूतकाळात म्हणून पाहिले तरी कोडे शाबूत राहते याची मुलांनी स्वतःच खात्री करून घेतली.

लिंग वेगळे असलेले शब्द मात्र कसरत करायला लावत होते. गळ्यातला ‘हार’ पुल्लिंगी आणि खेळातली ‘हार’ स्त्रीलिंगी. ‘हार मिळाला’ आणि ‘हार मिळाली’ यांत गोंधळाला जागाच नाही. त्यावर तोडगा निघाला तो ‘आमचा संघ हार घेऊन परतला’ असा. ‘घेऊन’ला लिंग नाही आणि ‘परतला’ हे संघाशी जुळते. ‘मान’ची तऱ्हाही तीच. ‘प्राण्यांनी जिराफाला मान दिला’ म्हटले की आदर, ‘मान दिली’ म्हटले की गळ्याचा भाग. ‘सगळे प्राणी जिराफाला मान देतात’ या वर्तमानकाळी वाक्यात दोन्ही मावतात, आणि त्या पानावर हत्ती, ससा व कासव आपापल्या माना हातात घेऊन रांगेत उभे आहेत. जिराफाने त्या स्वीकाराव्यात की नाही यावर बरीच चर्चा झाली. तिचा भाषेशी संबंध नसल्याने ती इथे देत नाही.

सामान्यरूपाचा अडसर याहून कडक निघाला. ‘माळ’ या शब्दावर पान करायचे म्हणून एका गटाने ‘मुंग्या माळावर चढल्या’ असे वाक्य आणले आणि मण्यांची माळ काढली. वर्गाने ते नामंजूर केले, कारण मण्यांची माळ असती तर ‘माळेवर’ झाले असते, ‘माळावर’ म्हटले की ते उघडे रानच. ‘नावाला’ आणि ‘नावेला’, ‘वाताने’ आणि ‘वातीने’, ‘मानाने’ आणि ‘मानेने’ अशा जोड्या या निमित्ताने फळ्यावर लागल्या. प्रत्यय लागला की शब्दाचे लिंग लपत नाही, हे मुलांनी सूत्र म्हणून लिहून घेतले नाही. पण त्यानंतर आणलेल्या वाक्यांत शब्दाला प्रत्यय लावायचे त्यांनी टाळले. विशेषणांचेही तसेच. ‘मोठी’ किंवा ‘मोठे’ म्हटले की भांडे फुटते, ‘लाल’ आणि ‘जड’ मात्र गुपित राखतात, हे एका मुलीने ‘जड नाव’ म्हणून दाखवले.

ऐकू येणारा खेळ आणि दिसणारा खेळ

झडपेखाली वाक्य लपवण्याचा खरा उपयोग दुसऱ्या प्रकारच्या कोट्यांत झाला. बाईंनी ‘दारासमोर दिसला’ असे म्हटले आणि चित्रात दारातून डोकावणारा मोर होता. म्हणजे ‘दारास मोर दिसला’. शब्द वेगळ्या ठिकाणी तोडून साधलेल्या अशा कोटीला जुने व्याकरण सभंग श्लेष म्हणते. मुलांना ते नाव सांगितले नाही आणि त्यामुळे त्यांचे काही अडलेही नाही. झडप उघडल्यावर दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहिलेली दिसत आणि फरक होता तो केवळ अक्षरांमधल्या मोकळ्या जागेचा. शब्दयोगी अव्यय जोडून लिहावे हा नियम मुलांना ठाऊक होता, तरी वह्यांमध्ये ‘दारा समोर’, ‘घरा जवळ’ असे तोडून लिहिणे चालूच होते. मोराच्या पानानंतर कोणी ‘दारा समोर’ लिहिले की शेजारचा ‘तुझा मोर मधेच फाटला’ असे सांगू लागला. नियमाची आठवण करून देण्याची ही तऱ्हा बाईंच्या लाल शाईपेक्षा प्रभावी ठरली, असे माझे मत आहे.

याच्या उलट बाजूला काही शब्द कागदावर सारखे आणि उच्चारात वेगळे निघाले. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ या अक्षरांचे दोन उच्चार आहेत, आणि ते लिहून दाखवण्याची सोय नाही. दुनियेचा ‘जग’ आणि ‘तू जग’मधला ‘जग’, संख्येतला ‘चार’ आणि ‘गाईला गवत चार’मधला ‘चार’ डोळ्याला एकच दिसतात. मोठ्याने वाचताना मात्र वाचणाऱ्याला एक उच्चार निवडावा लागतो आणि निवडला की कोडे संपते. असे शब्द मोठ्याने वाचायच्या पुस्तकात घालू नयेत, असे आम्ही ठरवले. दुनियेचा ‘जग’ आणि पाण्याचा ‘जग’ यांचा उच्चार जुळतो, तेव्हा ‘ताई जग बघायला निघाली’ हे पान मात्र राहिले. त्यात ताई भिंग घेऊन पाण्याच्या भांड्यात डोकावत आहे.

घरची भाषा वेगळी असलेला मुलगा

वर्गात घरी हिंदी बोलणारा एक मुलगा होता. होडीच्या चित्राला काही मुले हसली तेव्हा तो हसला नाही, आणि पहिल्यांदा बाईंना वाटले की त्याला मराठी कमी समजते. प्रत्यक्षात हिंदीत ‘नाव’ म्हणजे होडीच, ओळखीसाठी ‘नाम’ आहे. त्यामुळे ज्या चित्राला वर्ग वेडगळ समजत होता ते त्याच्या दृष्टीने सरळ चित्र होते आणि झडपेखालचे कौतुकाचे चित्र कोड्यात टाकणारे. कोणता अर्थ सरळ आणि कोणता गमतीचा हे शब्दात ठरलेले नसते, ते ऐकणाऱ्याला कोणता अर्थ आधी भेटला यावर ठरते. पुस्तक करणारे हे सहसा गृहीत धरून चालतात.

नंतर त्याने स्वतः एक पान आणले. ‘बाई शिक्षा देतात’ या वाक्याखाली त्याने फळा, पुस्तक आणि हसऱ्या चेहऱ्याच्या बाई काढल्या होत्या. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे त्याने वर्गाला सांगितले आणि झडपेखाली अंगठे धरून उभा असलेला मुलगा दाखवला. दोन्ही भाषांत शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘बाईंनी शिक्षा दिली’ असे केले तरी पान टिकते, हेही त्यानेच पडताळून पाहिले होते. पुस्तकातले हे एकमेव पान असे होते, की ज्याचे उत्तर वर्गातल्या इतर कोणालाही आधी सांगता आले नाही.

काय साधले, काय साधले नाही

सत्राच्या अखेरीस बाईंनी मुलांना न वापरलेले शब्द देऊन तीन गोष्टी करायला सांगितल्या: दोन चित्रे काढणे, प्रत्येक अर्थ पक्का करणारे एकेक वाक्य लिहिणे आणि दोन्ही अर्थांना चालणारे एक वाक्य लिहिणे. पहिल्या दोन गोष्टी जवळजवळ सर्वांना जमल्या. तिसरी मोजक्यांनाच जमली, आणि ज्यांना जमली त्यांनी बहुतेक वेळा वर्तमानकाळाचीच युक्ती वापरली. वाक्यरचनेतली संदिग्धता उशिरा उमगते हे लक्षात घेता यात नवल नाही. तिसरीच्या मुलाने असे वाक्य स्वतः रचावे ही अपेक्षा परीक्षेत ठेवू नये. तयार वाक्य मोडून दाखवणे मात्र या वयात चांगले जमते, आणि शिकण्याचे काम तिथेच होते.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कमी झाल्या नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची वह्यांमधली अदलाबदल पूर्वीसारखीच राहिली, कारण नव्या पुस्तकात त्या भेदाला स्पर्शच केलेला नव्हता आणि तो कानाने पकडता येण्याजोगाही नाही. ‘फूल–फुलाला’, ‘तीर (बाण)–तिराला’, ‘पूर–पुराला’ असा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराचा बदल बाईंनी वेगळ्या तासाला, श्रुतलेखनाने घ्यायचे ठरवले, आणि शब्दखेळाच्या पुस्तकातून त्याची अपेक्षा करणे सोडून दिले. वाचनपेटीतले जुने पुस्तक त्यांनी त्याच तासासाठी पुन्हा बाहेर काढले आहे. ‘पाणि’चे पान तेवढे त्यांनी दोऱ्याने शिवून बंद केले आहे.